मदत हवी आहे: अकरावीतल्या पैलवानाला कॉलेजचे प्रशिक्षक कशावरून जोखतात?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, १३२ पौंड गटात खेळतो. मार्चमध्ये अटलांटिक सिटीला राज्य स्पर्धेत सहावा आला. इथे लहान-मोठ्या शाळांचे वेगळे गट नाहीत, सगळ्यांची एकच स्पर्धा, म्हणून सहाव्या नंबरालाही मान आहे. पण नंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या 'सुपर ३२'मध्ये (देशभरातल्या शाळकरी पैलवानांची स्पर्धा) दोन कुस्त्या जिंकला, दोन हरला आणि बाहेर पडला.

डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांचा सर्वात वरचा स्तर) प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलांशी बोलता येतं. तेव्हापासून दोन कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे फोन येतायत. मोठा संघ म्हणतो, ये, पण पैसे मिळणार नाहीत. लहान संघ निम्मी फी द्यायला तयार आहे, पण उत्तर लवकर मागतोय.

माझी काळजी वेगळीच आहे. उभ्या कुस्तीत त्याचा एकेरी पट बघत राहावा असा आहे, पण खाली सापडला की सुटता येत नाही. दोन्ही कुस्त्या तिथेच गेल्या. करवीर तालुक्यातल्या आमच्या आबांना (माझे चुलते, तरुणपणी तालमीतच राहिलेले) व्हिडिओ दाखवला. म्हणाले, "पट बेस हाय पोराचा, पर खाली गावला की निघंना." हे प्रशिक्षकांनाही दिसत असणारच. मग त्यांना फक्त जिंकलेल्या कुस्त्या पाठवू का? आणि दोघांपैकी कुणाला हो म्हणू?

प्रतिसाद १:
दादा, माझा मुलगा पेनसिल्व्हेनियात चार वर्षं कॉलेजची कुस्ती खेळला, त्यावरून सांगते. हरलेल्या कुस्त्या आधी पाठवा, न कापता. जिंकलेल्या तर ते बघतातच. कुणाकडून हरला, कसा हरला आणि शेवटच्या फेरीत दम होता का, यावर मुलगा जोखला जातो.

आबांचं बोलणं मनावर घ्या. शाळेत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, कॉलेजात पहिलीच तीन मिनिटांची, म्हणजे एकूण सात. शिवाय एकाचा वरचा ताबा दुसऱ्यापेक्षा मिनिटभर जास्त भरला तर त्याला एक गुण मिळतो. शाळेत हा गुण नसतो, म्हणून तिथे ही उणीव झाकली जाते. कॉलेजात दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत निवड समोरच्याची असली की तो वरची बाजू मागेल आणि तुमच्या मुलाला खाली बसावंच लागेल. चांगली बाजू अशी की २०२३-२४ पासून कॉलेजात टेकडाउनला (उभ्या कुस्तीतून समोरच्याला खाली आणून ताबा घेण्याला) तीन गुण आहेत, त्यामुळे त्याच्या पटाचं मोल वाढलंय. खालून सुटणं शिकवता येतं, पटाची चपळाई शिकवणं फार अवघड. चांगल्या प्रशिक्षकाला हे कळतं.

वजन घटवून १३२ला येतो का? कॉलेजात १३३ आणि १४१ हे गट आहेत.

मूळ धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. नाही, उलट वजन वाढतंय. माझे दोन्ही भाऊ सहा फुटी आहेत, म्हणजे हा पुढे १४१ किंवा १४९ला जाईल असं वाटतं.

प्रतिसाद १:
मग हे दोन्ही प्रशिक्षकांना सांगाच, वाढणारं शरीर त्यांना हवंच असतं. आणि मोठ्या संघाला तोंडावर विचारा: १४१ आणि १४९ला सध्या कोण आहे, कुठल्या वर्षाला आहे? कॉलेज खेळाडूंच्या पैशांबाबत २०२५मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना कुस्तीसाठी ३० जणांची मर्यादा आहे आणि वजनगट दहा. म्हणजे गटामागे सरासरी तीन. विनापैशाच्या मुलाची जागा त्या तिसांत पक्की आहे का, हे लेखी मागा. लेखी देत नसतील तर माझा कौल लहान संघाला.

प्रतिसाद २:
जुलैत फार्गोच्या राष्ट्रीय स्पर्धेला पाठवणार असाल तर जरूर पाठवा, पट तिथे सगळ्यांना दिसेल. पण ती फ्रीस्टाईल आणि ग्रीको-रोमन (ऑलिंपिकमधले प्रकार), शाळा-कॉलेजच्या कुस्तीसारखा तिथे खालून सुटण्याला गुण नाही. सुटण्याची तयारी याच हिवाळ्यात, रोज सरावानंतर वीस मिनिटं जड जोडीदार पाठीवर घेऊनच होईल.