कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही की रायझन एआय ९ एचएक्स ३७०: तुलना चार्जर काढून करावी की लावून?

वाळवंटीकाठ (साखळी)

हे दोन प्रोसेसर २०२४ साली जेमतेम दोन महिन्यांच्या अंतराने आले. जुलैत एएमडीचा रायझन एआय ९ एचएक्स ३७० आला आणि सप्टेंबरात इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही. आमच्या चित्रीकरणाच्या धंद्यातले बरेच जण लॅपटॉप बदलायच्या विचारात आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) किती हाच असतो. एचएक्स ३७०मध्ये बारा कोअर आणि चोवीस थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे), २५८व्हीमध्ये आठ कोअर आणि आठच थ्रेड. आकडे असे शेजारी मांडले की निवड आधीच झाल्यासारखी वाटते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्याला घराबाहेर, प्लगपासून लांब बसून काम करायचे आहे त्याने २५८व्हीच घ्यावा, आणि दोघांची तुलना चार्जर काढून करावी.

मी गोव्यातल्या देवळांतल्या जत्रा, काले (उत्सवातले दशावतारी नाट्यप्रयोग) आणि मराठी नाटके चित्रित करतो. गेल्या हंगामात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात दशावतारी काला पहाटेपर्यंत चालला. मंडपातला एकमेव प्लग ध्वनिक्षेपकवाल्याकडे होता आणि जनरेटरचा दाब सारखा खालीवर होत असल्याने तो मोकळा झाल्यावरही चार्जर लावायची माझी हिंमत झाली नाही. देवळाच्या अग्रशाळेच्या (धर्मशाळेच्या) पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी कार्डे रिकामी केली, संकासुर या पात्राच्या प्रवेशाचा तुकडा कापला, रंग जुळवले आणि उजाडायच्या आत देवस्थान समितीला चित्रफीत दिली. बॅटरी तेव्हाही शिल्लक होती. मुख्य म्हणजे चार्जर नसताना यंत्र मंदावले नाही. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा वेग प्लग काढताच निम्म्यावर यायचा.

याचे कारण रचनेत आहे. २५८व्हीमध्ये चार मोठे आणि चार छोटे कोअर आहेत. छोट्यांचा गट मोठ्यांपासून वेगळा ठेवलेला असल्यामुळे ब्राउझर, ईमेल, फायलींची नक्कल अशी हलकी कामे त्या गटावरच उरकतात आणि मोठे कोअर व त्यांची सामायिक कॅश (जवळची जलद स्मृती) तोवर निजून राहते. रॅमसुद्धा प्रोसेसरच्याच पॅकेजवर (चिपच्या आवरणातच) बसवलेली आहे, म्हणून माहितीची ने-आण कमी विजेत होते. इंटेलने दिलेला १७ वॅटांचा मूळ आकडा ही रॅम धरून आहे, तर एचएक्स ३७०चा २८ वॅटांचा आकडा रॅमशिवायचा आहे. तुलना करताना हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

माझ्यासाठी याहूनही निर्णायक ठरलेली गोष्ट म्हणजे चित्रफितीचा प्रकार. समईच्या पिवळ्या उजेडातला रंगवलेला चेहरा आणि हॅलोजनखालचा तोच चेहरा एकसारखा दिसायला हवा, तर चित्रणात रंगाची माहिती भरपूर असावी लागते, म्हणून आम्ही १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी हा जास्त रंगमाहिती ठेवणारा प्रकार वापरतो. ती उलगडण्याची सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये चिपवरच आहे. एचएक्स ३७०च्या अंगभूत रेडिऑन ग्राफिक्समध्ये या प्रकारासाठी ती नाही, आणि तो सगळा भार कोअरवर पडतो.

वेर्ण्याचा प्रोग्रामर

तुमचा काल्याचा अनुभव खरा आहे आणि तुमच्या कामासाठी तुम्ही योग्यच निवड केली. आक्षेप आहे तो त्या अनुभवावरून सगळ्यांसाठी नियम काढण्याला. पावसाळ्यात माड वीजवाहिनीवर पडला की आमच्याकडेही तासन् तास वीज नसते, परंतु घरी इन्व्हर्टर आहे आणि कार्यालयात जनरेटर. माझा लॅपटॉप दिवसातले बहुतेक तास चार्जरवरच असतो. तो कधीतरी तासभर प्लगशिवाय चालावा म्हणून मी रोजच्या आठ तासांचा वेग का सोडावा?

माझ्या कामात हजारो फायली एकदम कंपाइल होतात (लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात बदलतो), शेजारी दोन आभासी यंत्रे आणि डेटाबेस चालू असतो. येथे थ्रेडची संख्या प्रत्यक्ष उपयोगाला येते. एचएक्स ३७०मध्ये चार झेन ५ आणि आठ झेन ५सी (ही एएमडीच्या कोअर-रचनांची नावे) कोअर आहेत. ‘सी’ म्हणजे दुय्यम असा समज सर्रास दिसतो आणि तो चुकीचा आहे. त्या कोअरची रचना आणि आज्ञासंच तोच आहे. ते कमी जागेत बसवलेले आहेत, त्यांचा घड्याळवेग कमी आहे आणि त्यांच्या वाट्याला कॅश कमी येते, एवढाच फरक. आकडेमोडीच्या कामांना लागणाऱ्या एव्हीएक्स-५१२ आज्ञा या प्रोसेसरात आहेत, २५८व्हीमध्ये नाहीत.

कार्यक्षमतेबद्दलही माझे म्हणणे वेगळे आहे. एखादे काम संपेपर्यंत एकूण वीज किती लागली, हे माझ्या दृष्टीने खरे माप. दोघांनाही तीस वॅटांच्या आसपास चालवून सर्व कोअरना पुरेल असे काम दिले, तर एचएक्स ३७० स्पष्टपणे पुढे जातो, कारण बारा कोअर सावकाश चालवणे हे आठ कोअर ताणण्यापेक्षा स्वस्त पडते. शिवाय हा प्रोसेसर १५पासून ५४ वॅटांपर्यंत कुठेही बसवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. दोन वेगळ्या लॅपटॉपांत तोच प्रोसेसर दोन वेगळ्या स्वभावांचा निघतो, म्हणून दोष किंवा श्रेय प्रोसेसरला देण्याआधी तो कोणत्या यंत्रात बसवला आहे, हे पाहावे.

वाळवंटीकाठ (साखळी)

शेवटचा मुद्दा मान्य. कंपाइल करण्यासारख्या कामात एचएक्स ३७० पुढे आहे, तेही मान्य. मात्र ‘सर्व कोअरना पुरेल असे काम’ ही फार मोठी अट आहे. पंचायतीतले लेखनिक, शाळेतले शिक्षक, बातमीदार, हिशेबनीस अशी बहुसंख्य माणसे दिवसभर जे करतात, ते एकदोन कोअरवरचे काम असते. तेथे हे दोन्ही प्रोसेसर वेगात इतके जवळ आहेत की वापरणाऱ्याला फरक जाणवणार नाही. बॅटरी आणि पंख्याचा आवाज मात्र जाणवेल. मे महिन्यात घामाने बोटे कळफलकाला चिकटत असताना मांडीवरचे यंत्र थंड आणि शांत राहणे यालाही मी कामगिरीच म्हणतो.

म्हापशाचे दुरुस्ती केंद्र

आपण दोघेही नव्या यंत्राबद्दल बोलत आहात. माझ्या टेबलावर ती तीन-चार वर्षांनी येतात. कळंगुट-कांदोळीच्या बाजूने येणाऱ्या लॅपटॉपांत बोर्डाच्या कडांना हिरवट थर दिसतो, यूएसबीच्या खोबणी गंजलेल्या असतात, पंख्यात ओलसर धूळ घट्ट बसलेली असते. अशा हवेत बोर्डावर डकवलेला प्रत्येक भाग ही पुढची चिंता आहे.

२५८व्हीमधील रॅम पॅकेजवरच असल्याने ती वाढवता येत नाही, बदलताही येत नाही. ३२ जीबी ही त्या संपूर्ण मालिकेची कमाल मर्यादा आहे. रॅम बिघडली तर प्रोसेसरही गेला. पॅकेजवर रॅम बसवण्याचा हा प्रकार पुढे चालवणार नाही, असे इंटेलचे तत्कालीन प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनीच २०२४च्या अखेरीस सांगितले होते. खरेदी करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. त्याच मालिकेतला २५६व्ही आणि २५८व्ही यांत कोअर, वेग, ग्राफिक्स सगळे तेच आहे, पण पहिल्यात १६ जीबी रॅम आहे आणि दुसऱ्यात ३२. दुकानात शेवटचा आकडा न पाहता घेतलेला लॅपटॉप नंतर कोणीही वाढवून देऊ शकत नाही. ही तक्रार घेऊन आलेल्या दोन ग्राहकांना मला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले.

एचएक्स ३७०च्या बाजूने मात्र सरसकट बोलता येणार नाही. त्याच्याही बहुतेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डकवलेलीच असते. काही थोड्यांत काढता-घालता येणारी डीडीआर५-५६०० रॅम मिळते आणि ६४ जीबीपर्यंत सहज जाता येते, पण मग ग्राफिक्सला त्याची किंमत मोजावी लागते.

वास्तुरेखा (मडगाव)

ग्राफिक्सची किंमत नेमकी किती, ते मी मांडते, कारण निवड करताना मी याच गणितात अडकले होते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते. ते मुख्य रॅमवरच चालते, म्हणून रॅमचा वेग हाच त्याचा श्वास. २५८व्हीमध्ये ८५३३ वेगाची रॅम आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १३६ जीबी माहितीची ने-आण होऊ शकते. एचएक्स ३७०ला ७५०० वेगाची डकवलेली रॅम दिली तर हा आकडा १२० होतो, आणि काढता येणारी ५६०० वेगाची दिली तर ९०च्या खाली उतरतो. एचएक्स ३७०च्या रेडिऑन ८९०एम ग्राफिक्समध्ये १६ गणन-विभाग आहेत आणि कागदावर ते २५८व्हीतल्या आर्क १४०व्हीच्या तोडीचे किंवा थोडे वरचढ दिसते, पण त्याला माहितीच वेळेवर पोहोचली नाही तर विभाग रिकामे बसतात. म्हापशाच्या बाबांनी सुचवलेली रॅम दुरुस्तीला सोयीची आहे, त्रिमितीय कामाला नाही.

तरीही मी २५८व्ही घेतला नाही. घराचे त्रिमितीय चित्र ग्राहकाला फिरवून दाखवताना दोन्ही अंगभूत ग्राफिक्स सारखीच कामे निभावतात. आर्क १४०व्ही नव्या सॉफ्टवेअरवर छान चालते. जुन्या प्रोग्रामांत त्याचे ड्रायव्हर मला कमी भरवशाचे वाटले, तेथे रेडिऑनचा अनुभव बरा. परंतु खरे रेंडरिंग करायचे तर या दोघांपैकी कोणतेच पुरत नाही, वेगळे ग्राफिक्स कार्ड हवे. एचएक्स ३७०ला त्यासाठी पीसीआयई ४.०च्या १६ मार्गिका (जोडलेल्या भागांशी माहितीची ने-आण करणाऱ्या वाटा) आहेत आणि एनव्हिडियाच्या कार्डासह तो मिळतो. २५८व्हीमध्ये एकूण आठच मार्गिका आहेत, त्यातल्या काही साठवणुकीला जातात. तो एकटा राहण्यासाठीच घडवलेला प्रोसेसर आहे.

एनपीयू म्हणजे एआयच्या कामांसाठीचा वेगळा भाग, त्याबद्दल एकच वाक्य पुरे. २५८व्हीचे ४७ टॉप्स (सेकंदाला तितक्या लाख कोटी क्रिया) आणि एचएक्स ३७०चे ५०, हा फरक माझ्या कामात मला एकदाही दिसला नाही.

वाळवंटीकाठ (साखळी)

मडगावच्या ताईंचे गणित मी लिहून ठेवले आहे आणि २५६व्हीबद्दलचा इशारा आमच्या संघटनेत आजच सांगतो. वेगळे कार्ड हवे असणाऱ्यांसाठी २५८व्ही नाही, हे माझ्या पहिल्या लेखनात यायला हवे होते.

रॅमच्या बाबतीत माझी बाजू मी सोडत नाही. रॅम जवळ बसवली म्हणूनच वीज वाचते, म्हणूनच तिचा वेग एवढा ठेवता येतो. एकाच निर्णयाच्या या दोन बाजू आहेत, आणि माझ्या कामाला ३२ जीबी पुरते. दुरुस्तीची चिंता रास्त आहे, पण मला दर हंगामात पन्नासेक रात्री देवळांत काढायच्या असतात आणि त्या प्रत्येक रात्री यंत्र चालू राहणे मला चौथ्या वर्षीच्या दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

वेर्ण्याच्या मित्राला एक प्रस्ताव आहे. रविवारी फोंड्याला भेटू. दोन्ही लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणू, चार्जर गाडीत ठेवू, पडद्यांची प्रखरता सारखी ठेवू. अर्धा तास ४:२:२ चित्रफितीचे संपादन, मग तुमचा तोच प्रकल्प दोन्हीकडे कंपाइल करू. प्रत्येक टप्प्यानंतर घड्याळ आणि बॅटरीचा आकडा वहीत उतरवू.

वेर्ण्याचा प्रोग्रामर

येतो. दुपारनंतर जमेल. माझा लॅपटॉप २८ वॅटांवर बसवलेला आहे, तो बदलणार नाही, कारण मी रोज तसाच वापरतो. एक अट माझीही आहे: तुमची फेरी संपली की चार्जर गाडीतून आणायचे आणि तीच सगळी कामे प्लग लावून पुन्हा करायची. दोन्ही फेऱ्यांचे आकडे येथेच मांडू.