मदत हवी आहे: शहराच्या वेशीवरचे पर्यटक मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

शहर संपतं आणि शेतं सुरू होतात, त्या पट्ट्यातल्या पर्यटनावर प्रबंध लिहितेय आणि एका जागी पार अडकलेय. संयुक्त राष्ट्रांच्या २००८ च्या शिफारशींनुसार मुक्काम केला तरच तो 'पर्यटक', नाहीतर त्याच दिवशी परतणारा पाहुणा. शिवाय तो आपल्या नेहमीच्या वावराबाहेर, म्हणजे रोजच्या घर-कामाच्या परिसराबाहेर, आलेला हवा. पण या पट्ट्यात बहुतेक जण सकाळी येऊन संध्याकाळी घरी जातात, काही तर दर आठवड्याला येतात. त्यांना धरायचं कशात?

मागच्या रविवारी तलावाकाठी वही घेऊन चार तास बसले. बांधाला लागून इतक्या गाड्या लागल्या होत्या की ट्रॅक्टरला वळायला जागा उरली नाही. शेतकरी अर्धा तास ताटकळला. माझ्या तक्त्यात त्या अर्ध्या तासाला रकानाच नाही, आणि मला तर तोच विषयाचा गाभा वाटतो.

ब्रिटनने १९६८ च्या कायद्याने 'कंट्री पार्क'ची (लोकांना फिरायला-विसाव्याला राखलेल्या निसर्गरम्य जागांची) वाट मोकळी केली ती शहराजवळच मोकळी जागा मिळावी आणि आतल्या ग्रामीण भागावरचा ताण हलका व्हावा म्हणून. म्हणजे हा भार तेव्हाही जाणवत होताच.

असं सर्वेक्षण कोणी केलंय का? 'नेहमीचा वावर' कशावरून ठरवलात: अंतरावरून, की किती वेळा येता यावरून? आणि गावकऱ्यांची अडचण आकड्यांत कशी मांडलीत? पुढच्या महिन्यात प्रश्नावली घेऊन बाहेर पडायचंय, तुमचा अनुभव जरूर सांगा.