वस्तीला लागून पेट्रोल पंप आणि दुकानसंकुल: सशर्त परवानगी द्यावी का?

मूळ मुद्दा

घरांच्या रांगेला लागून असलेल्या व्यापारी भूखंडावर पेट्रोल पंप आणि चोवीस तास चालणारे दुकान, असा प्रस्ताव नियोजन मंडळापुढे आला की चर्चा लगेच ‘विकास हवा की नको’ या वळणावर जाते. वास्तविक अमेरिकेतील अनेक नगरांच्या भूवापर नियमांत अशा वापराला सरसकट मुभाही नसते आणि सरसकट बंदीही नसते. मंडळ अटी घालून परवानगी देऊ शकते; त्यासाठी हा वापर याच जागी शेजाऱ्यांना बाधा न आणता चालेल, हे अर्जदाराने दाखवून द्यायचे असते. माझ्या मते वस्तीला खेटलेल्या जागेवर ते दाखवणे फार अवघड आहे, आणि तिथे मंडळाने नकार देण्यास कचरू नये.

टँकरमधून पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत उतरते तेव्हा टाकीतली वाफांनी भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. तिचा बराचसा भाग परतीच्या नळीने टँकरमध्ये जातो, उरलेला व्हेंट पाइपमधून, म्हणजे वाफ मोकळ्या हवेत सोडणाऱ्या उभ्या नळीतून, वर निघतो. आराखडा नीट पाहिला, तर हे पाइप पुष्कळदा भूखंडाच्या मागच्या हद्दीवर, म्हणजे नेमके घरांच्या बाजूला दाखवलेले असतात. पेट्रोलमधील बेंझिन हे माणसात कर्करोग निर्माण करणारे द्रव्य म्हणून सिद्ध झालेले आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००५ मध्येच एका मार्गदर्शक पुस्तिकेत मोठे पंप आणि घरे, शाळा यांच्यात ३०० फूट अंतर सुचवले होते.

प्रतिसाद १ (प्रस्तावाच्या बाजूने)

आपण अर्धेच वाक्य उद्धृत केले आहे. ३०० फुटांची शिफारस वर्षाला ३६ लाख गॅलन किंवा त्याहून जास्त विक्री असणाऱ्या पंपांसाठी आहे. सर्वसाधारण पंपासाठी त्याच पुस्तिकेत ५० फूट सुचवलेले आहेत. शिवाय गाडीत पेट्रोल भरताना निघणारी वाफ आता गाडीतच अडवली जाते, म्हणून तर २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने नोझलवरची वेगळी वाफ-पकड यंत्रणा काढून टाकण्याची मुभा राज्यांना दिली. शेजाऱ्यांची भीती समजण्यासारखी असली, तरी ती पुरावा नव्हे, आणि केवळ भीतीवर दिलेला नकार न्यायालयात टिकवणे कठीण जाते.

प्रतिसाद २ (वाहतुकीपुरते)

दोन्ही बाजू हवेतच अडकल्या आहेत; खरा घोळ बहुधा वाहतूक अहवालात असतो. पंपावर येणाऱ्या गाड्यांपैकी मोठा हिस्सा आधीच त्या रस्त्यावरून जात असतो, म्हणून अहवाल लिहिणारे त्या फेऱ्या ‘नवीन’ वाहतुकीतून वजा करतात. मुख्य रस्त्यापुरते ते योग्यच आहे. पण प्रवेशद्वाराशी यातले काहीच वजा होत नाही, कारण तीच गाडी आता वेग कमी करते, आत वळते आणि बाहेर पडताना समोरची वाहतूक ओलांडू पाहते. चौकाच्या सिग्नलवरची रांग या फाटकापर्यंत पोहोचत असेल, तर बाहेर पडणारी गाडी दोन थांबलेल्या गाड्यांच्या फटीतून तिसऱ्या मार्गिकेचा अंदाज घेत पुढे सरकते, आणि पदपथावरून चालणारा माणूस तिच्या हिशेबातच नसतो. त्यामुळे अहवालातली एकूण बेरीज बाजूला ठेवावी आणि गर्दीच्या वेळी रांग कुठवर येते, टँकर मागे न घेता वळू शकतो का, एवढे दोनच प्रश्न सुनावणीत लावून धरावेत.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

५० फुटांची दुरुस्ती मान्य आहे, परंतु ते अंतर ज्या गृहीतकांवर बेतलेले आहे तीच डळमळीत आहेत. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन पंपांवर प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा व्हेंट पाइपमधून निघणारी वाफ नियमांसाठी धरलेल्या अंदाजाच्या दहापट किंवा त्याहून अधिक भरली. पाण्याचे म्हणाल, तर त्या काळी तिथे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन टाक्यांतून गळून भूजलात उतरल्यामुळे कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या आणि पिण्याच्या पाण्याचा सुमारे निम्मा पुरवठा गमवावा लागला.

प्रतिसाद ३ (प्रस्तावाच्या बाजूने)

तो प्रसंग जुन्या टाक्यांचा होता. २०१५ च्या सुधारित केंद्रीय नियमांनंतर नव्या टाक्यांना आणि नळ्यांना दुहेरी कवच सक्तीचे आहे. मला वेगळीच गोष्ट खटकते. कॅलिफोर्नियातील पेटालुमासारख्या नगराने २०२१ मध्ये नव्या पंपांवर सरसकट बंदी घातली, तो निदान सर्वांना सारखा लागू होणारा नियम होता. प्रत्येक अर्ज विरोधकांची गर्दी पाहून फेटाळला, तर पंप शेवटी अशा वस्तीत उभा राहतो जिथल्या लोकांना कामाच्या पाळीमुळे सुनावणीला येताच येत नाही. त्यापेक्षा अटी घाला: दिव्यांचा झोत खाली, टँकर फक्त दिवसा, व्हेंट पाइप रस्त्याच्या बाजूला.

प्रतिसाद ४

अटींच्या यादीत एक नेहमी राहून जाते, ती म्हणजे धंदा बंद पडल्यानंतरची. तात्पुरती बंद टाकी बारा महिन्यांनी कायमची बंद करण्याची केंद्रीय सक्ती नव्या बांधणीच्या निकषांत न बसणाऱ्या टाक्यांपुरती आहे. निकषांत बसणारी टाकी, देखभाल चालू ठेवली तर, बंद पंपाखाली तशीच राहू शकते. त्यामुळे पंप अमुक काळ बंद राहिल्यास टाक्या काढून माती तपासून द्यावी, आणि त्या खर्चाची हमी परवानगीबरोबरच जमा करावी, असे कलम मंडळाने लिहून घेतले पाहिजे. अर्जदाराचा नव्या टाक्यांवर एवढा भरवसा असेल, तर या कलमाला त्याची हरकत असू नये.