अनुभव धागा : भांडणाऱ्या घरात वाढलेले आपण

ज्यांच्या घरी आई-बाबा एकमेकांशी बोलत नव्हते, भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या किंवा आजीने कुणाशी तरी कायमचा अबोला धरला होता, त्यांच्यासाठी हा धागा. हसू येईल असे किस्से लिहा. हसू आलं म्हणजे दुखलं नव्हतं, असं इथे कुणी म्हणणार नाही. विनंती एवढीच की घरची माणसं जशी बोलायची तशीच लिहा, त्यांना सोज्ज्वळ करू नका.

सुरुवात मी करते. आमच्या घरचे निरोप माझ्याकडे असत. आई आणि बाबा हाताच्या अंतरावर जेवायला बसलेले.
"बाबांना विचार, आमटी वाढू का?"
"आईला सांग, मीठ नाहीये तिच्यात."
"त्यांना सांग, डॉक्टरांनी बीपीला कमीच सांगितलंय."
मी शाळेच्या सहलीला गेले तेव्हा दोघांनी शेजारच्या बाळूला जेवायला बोलावून घेतलं. तो बालवाडीतला. एवढे निरोप त्याच्या लक्षात कुठले राहणार? "काका म्हणतात आमटी मस्त झालीय," असं त्याने परस्परच ठोकून दिलं. बाबा तसं काही म्हणाले नव्हते, पण "नाही" असंही म्हणाले नाहीत. त्या रात्री आईने बाळूला बेसनाचे लाडू बांधून दिले. नंतर कितीतरी दिवस तो जेवणाच्या वेळी दारात येऊन "निरोप आहे का?" विचारायचा.

चिंचपोकळीकर
आमचे बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काका त्याच गिरणीत बदली कामगार, आणि चाळीतली खोली एकच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले काही महिने दोघे भाऊ मिळून मोर्चाला जायचे. पावसाळ्यानंतर काका गुपचूप कामावर जायला लागला आणि बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. "फुटिराच्या पैशाचा कण मला वाढायचा नाही," असं त्यांनी आजीला बजावलं. आजीने तांदळाचे दोन डबे केले. एकात गावाहून आत्याने पाठवलेला तांदूळ, दुसऱ्यात काकाच्या पगारातला. गावचा डबा काही केल्या रिकामाच होईना. बाबा भात कालवताना म्हणायचे, "बघ, आपल्या मातीचा वास कसा येतो." रात्री सगळे झोपले की आजी एका डब्यातून दुसऱ्यात ओतायची, हे आईने पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. काकालाही ठाऊक होतं. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. बाबांनी त्यांचाही घेतला नाही, जेवले मात्र पोटभर.

अबोली
माझे वडील प्यायचे. त्यातलं हसू मला अजून सापडत नाही. पण सगळं वाचतेय. लिहीत राहा.

मालवणी मुलूख
बाबा आणि मोठे काका यांची घरवाटणीची केस. गणपती मात्र मूळ घरात एकच, तो वाटता येत नाही. तारीख चतुर्थीत येऊ नये म्हणून दोघांचे वकील दरवर्षी एकमताने अर्ज करायचे. त्या केसमधलं एकमत तेवढंच. आरतीला एकाच्या हातात मृदंग, दुसऱ्याच्या हातात झांजा, आणि आधी थांबायचं कुणी? आम्हा पोरांच्या डोळ्यांसमोर मोदक निवत असायचे.
खरी मजा गाऱ्हाण्याला. काका देवासमोर हात जोडून सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, जो कोण खोटे कागद करून ह्या घराक आडवो इलो आसात, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!" सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या बाबांचा! खोटे कागद काकांनी केले, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुढच्या वर्षी गाऱ्हाणं बाबांनी घातलं, शब्द तेच, आणि "व्हय म्हाराजा" काकांचं. आई आणि काकू पदर तोंडात कोंबून माजघरात पळाल्या. त्या दोघींचं भांडण कधीच नव्हतं. तवश्याची धोंडासं, म्हणजे काकडीचे गोड केक, दोघी मिळूनच करायच्या.

चिंचपोकळीकर
मग केस जिंकलं कोण?

मालवणी मुलूख
अजून चालू आहे. बाबा गेले, काकाही गेले. वारस म्हणून आता मी आणि चुलतभाऊ. तारखेला दोघे एकाच गाडीने सावंतवाडीला जातो, पेट्रोल आळीपाळीने.