मदत हवी आहे : सांगलीत व्हीलचेअर आत जाईल असा फॅमिली डॉक्टर

नमस्कार मंडळी. आईला बीपी आणि शुगर आहे. पॅरालिसिसनंतर ती व्हीलचेअरवर असते. आमचे जुने डॉक्टर हाताला गुण असलेले, पण दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कंपाउंडर खाली येऊन रिक्षातच बीपी बघतो, मग मी वर जाऊन तिची तक्रार सांगायची आणि गोळ्या घेऊन यायचं. तपासणी म्हणतात ती हीच! नंबर फोनवर लावत नाहीत, सकाळी कुणीतरी जाऊन वहीत नाव लिहायचं.

दुसरीकडे रॅम्प आहे असं कळलं म्हणून गेलो. फरशीचा तुकडा तिरका ठेवलेला, त्यावर मोटारसायकल उभी. उतार एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. इथे जेमतेम तीन फूट.

विश्रामबाग किंवा मिरज रोडच्या बाजूला तळमजल्यावरचा, तपासणीच्या खोलीपर्यंत खुर्ची जाईल असा दवाखाना कुणाला माहीत आहे का? मोठं हॉस्पिटल नको, दर महिन्याला दाखवायला फॅमिली डॉक्टरच बरा. फोनवर वेळ देणारे आणि अडीनडीला घरी येणारे असतील तर फारच उत्तम, व्हिजिट फी द्यायची तयारी आहे.

सरकारची ई-संजीवनी (मोबाईलवर व्हिडिओ कॉलने डॉक्टरांचा सल्ला) मोफत आहे, पण दरवेळी वेगळे डॉक्टर भेटतात का? नेहमीच्या गोळ्यांसाठी कुणी वापरली असेल तर सांगा. आणि दवाखाना सुचवताना दारात पायऱ्या किती ते आठवून लिहा, प्लीज.