पोर्ट ब्लेअरहून एका दिवसाचे बेट : बडोदेकरांनी आपले अनुभव लिहावेत

येत्या जानेवारीत आम्ही पाच जण अंदमानला निघालो आहोत. मी, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. बडोद्याहून थेट विमान नसल्यामुळे जाण्यायेण्यातच दोन दिवस जाणार, म्हणून सामान घेऊन बेटाबेटांवर हॉटेले बदलण्याऐवजी चारही रात्री पोर्ट ब्लेअरलाच (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) काढायच्या असे ठरले आहे. एक दिवस सेल्युलर जेलचा. त्यावर मराठी घरात वाद होण्याचे कारण नाही. वाद आहे तो उरलेल्या मोकळ्या दिवसाचा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे शेजारचे बेट कोणते, आणि तो दिवस आखावा कसा? जे स्वतः जाऊन आले आहेत त्यांनी कोणत्या महिन्यात गेलात, बरोबर कोण होते आणि काय फसले, हे वर बडोद्यातल्या आपल्या भागाचे नाव घालून अवश्य लिहावे. समुद्र निळाशार असतो हे आम्हाला छायाचित्रांवरून कळले आहे.

दांडिया बाजार

सासूबाई बरोबर आहेत म्हणून आधी रॉस बेटाबद्दल लिहिते. २०१८ च्या ३० डिसेंबरपासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले आहे. अ‍ॅबर्डीन जेटीवरून बोटीने १०-१५ मिनिटांत आपण तेथे पोहोचतो, त्यामुळे पोटातले पाणी हलायच्या आतच प्रवास संपतो. माझ्या आईचे गुडघे तेव्हाच दुखरे होते, पण बेटावर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळाल्या आणि चढाचा भाग तिने बसून पाहिला.

१८५८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत वसवली तेव्हापासून १९४१ पर्यंत त्यांचा सारा कारभार या लहानशा बेटावरून चालत असे. आता चर्च, बेकरी आणि साहेबांचे बंगले यांच्या भिंती वडापिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांत आवळून धरल्या आहेत, आणि त्या भिंतींच्या सावलीत चितळे निवांत रवंथ करीत बसलेली असतात. समोरच्या किनाऱ्यावर सेल्युलर जेल बांधणाऱ्यांच्या पार्ट्या येथे रंगत असतील, हे लक्षात आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. तीन तास पुरतात. आम्ही बुधवारी जेटीवर पोहोचलो आणि बेट त्या दिवशी बंद असल्याचे तेथे गेल्यावर कळले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मोकळा दिवस एकच असेल तर वार आधी विचारून घ्यावा.

उरलेल्या वेळेत नॉर्थ बेला जाता येते. जुनी वीस रुपयांची नोट बरोबर न्या. तिच्या मागच्या बाजूस जे दीपगृह आणि नारळीची झाडे आहेत ती याच किनाऱ्याची. मुलांना नोट हातात धरून चित्र जुळवण्यात फार मौज वाटते.

गोत्री

आम्ही फेब्रुवारीत हॅवलॉक बेट एका दिवसात केले. करता येते, पण ते धावपळीचे काम आहे, आणि पुन्हा संधी मिळाली तर मी एक रात्र तेथे राहीन. खासगी वेगवान बोटीने साधारण दीड-दोन तास जायला आणि तेवढेच यायला. शिवाय बोट सुटण्यापूर्वी बरेच आधी जाऊन ओळखपत्र दाखवणे, सामान तपासून घेणे, रांगेत उभे राहणे हे दोन्ही वेळा करावे लागते. हे सर्व वजा केल्यावर हातात जेमतेम सहा तास उरतात. त्यात जेटीपासून राधानगरचा किनारा साधारण १२ किलोमीटर दूर आहे, आणि एलिफंट बीचला जायचे तर सहसा पुन्हा वेगळी बोट घ्यावी लागते. आम्ही दोन्ही करण्याचा हट्ट धरला आणि राधानगरसारख्या किनाऱ्यावर घड्याळाकडे पाहत पाऊण तास काढला. दोहोंपैकी एकच ठरवा.

एक गोष्ट बडोद्याच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. घड्याळ तेच असले तरी हिवाळ्यात सूर्य तेथे आपल्यापेक्षा सुमारे दीड तास आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. पाच-सव्वापाचच्या सुमारास तो बुडालेला असतो. ‘जेवून जरा पडू आणि चारनंतर निवांत समुद्रावर जाऊ’ हा आपला क्रम तेथे चालत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्यालाच तेथला दिवस पुरता मिळतो.

कारेलीबाग

माझा अनुभव जुना आहे, पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात मी आणि यजमान एका दिवसासाठी म्हणून हॅवलॉकला गेलो आणि चौथ्या रात्रीनंतर परतलो. सकाळी निघताना आभाळ भरून आले होते, वारा होता, पण बोट सुटली म्हणजे सर्व ठीक असणार असे आम्ही गृहीत धरले. दुपारी जेटीवर आलो तेव्हा परतीच्या सर्व फेऱ्या रद्द झाल्याचे समजले. हवामान खात्याच्या भाषेत ते कमी दाबाचे क्षेत्र होते. त्याचेच पुढे वरदा चक्रीवादळ झाले.

आमच्याकडे काय होते ते सांगते : अंगावरचे कपडे, एक टॉवेल, अर्धा पुडा भाकरवडी आणि एक छत्री, जी पहिल्या तासातच उलटी झाली. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात, उशाशी व्यवस्थित ठेवलेल्या. वीज गेली, फोन लागेनासे झाले. त्यातच नोटाबंदीला जेमतेम महिना होत होता. जवळची रोकड मोजकी आणि कार्डाचे यंत्र विजेअभावी बंद. ज्या लहानशा हॉटेलात आम्ही आसरा घेतला त्याच्या बंगाली मालकीणबाईंनी मात्र पैशांचा विषयच काढला नाही. तीन वेळा डाळभात वाढला आणि ‘बडोद्याला पोहोचल्यावर पाठवा’ एवढेच म्हणाल्या. गोळ्यांसाठी तेथील आरोग्य केंद्रात गेलो. नाव वेगळे पण औषध तेच, अशा गोळ्या मिळाल्या. औषधाचे मूळ नाव मला पाठ होते म्हणून ते जमले.

हजाराहून अधिक पर्यटक त्या वेळी हॅवलॉक आणि नील या बेटांवर अडकले होते. ९ तारखेला समुद्र थोडा निवळल्यावर नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी सर्वांना परत आणले. आमचे परतीचे विमान तोवर निघून गेले होते.

तेव्हापासून कोणी बेटावर एका दिवसाचे जायचे म्हटले की मी जाण्याबद्दल काहीच सांगत नाही, परतण्याबद्दलच सांगते. परतीची बोट शेवटची नसून तिच्या आधीची असावी. औषधे तीन दिवसांची, पिशवीतच. आणि बेटाचा दिवस विमानाच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नये. मध्ये किमान एक रिकामा दिवस असावा. सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी पाहावे. ते कोठे जात नाही.

फतेगंज

नावांची गल्लत टाळा. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. आमच्या चिरंजीवांनी जाण्याचे तिकीट शहीदचे आणि परतीचे स्वराजचे काढून ठेवले होते. आदल्या रात्री सहज चाळताना लक्षात आले, नाहीतर एका बेटावर आम्ही आणि दुसऱ्या बेटावर आमची बोट असा प्रकार झाला असता.

मांजलपूर

नीलबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. हॅवलॉकपेक्षा हे लहान, शांत आणि एका दिवसात खरोखर पाहून होणारे बेट आहे. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी किनाऱ्यांची नावे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवलेली गावे आणि त्यांच्या भाजीच्या वाड्या. रिक्षा दिवसभरासाठी ठरवता येते.

तेथील नैसर्गिक खडकाची कमान पाहायची तर ओहोटीच हवी, आणि येथे माझी फजिती झाली. माझे आजोळ रत्नागिरीकडचे. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ येते, हा हिशेब आजोबांनी लहानपणीच घोटून घेतलेला. अष्टमी होती, आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहाला भरती, अर्थात बाराला ओहोटी. मोठ्या आत्मविश्वासाने मी सर्वांना बारा वाजता कमानीपाशी नेले. तेथे ओहोटी केव्हाच होऊन गेली होती, पाणी चढत होते आणि शेवाळलेल्या खडकांवरून पुढे जायला रिक्षावाल्याने मनाई केली. आजोबांचा हिशेब चुकीचा नव्हे. तो कोकण किनाऱ्याचा आहे, आणि भरतीची घटका प्रत्येक किनाऱ्याची निराळी असते.

आपल्याला हे खरे तर ठाऊक असायला हवे. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला निघताना आपण भरतीची वेळ विचारूनच घराबाहेर पडतो, कारण भरतीत देऊळच पाण्याखाली जाते. तेथे पाणी पुरुषभर उंचीच्या कितीतरी वर चढते, अंदमानात त्या मानाने फारच थोडे. पण कमान बुडायला तेवढेही पुरते. भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध होतात. पोर्ट ब्लेअरचा तक्ता पाहून आधी ओहोटीची वेळ धरावी आणि मग त्यास जुळणारी बोट शोधावी. आम्ही बोट आधी ठरवली आणि समुद्राने तिच्या वेळा पाळाव्यात अशी अपेक्षा धरली.

रावपुरा

मुलांना प्रवाळ दाखवायचे असेल तर जॉली बॉयचा विचार करावा. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले हे बेट वर्षभर खुले नसते. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत हे आणि उरलेल्या काळात रेड स्किन बेट, अशी पाळी असते. परवाना आधी काढावा लागतो आणि रोज ठरावीक माणसांनाच सोडतात. बेटावर खाण्यापिण्याचे काही मिळत नाही आणि प्लास्टिक नेता येत नाही. तपासनीसांनी आमच्या पिशवीतून बिस्किटांचे पुडे, चेवड्याची पिशवी आणि ओल्या रुमालांचे पाकीट एकामागून एक बाहेर काढले तेव्हा मला घरातल्या प्लास्टिकचा प्रथमच अंदाज आला. थेपले मात्र स्टीलच्या डब्यात, सुती फडक्यात गुंडाळलेले होते. ते सन्मानाने आत गेले.

काचेच्या तळाच्या बोटीतून सासूबाईंनाही कोरड्या अंगाने प्रवाळ दिसतील. किनाऱ्यावर पडलेला शंख किंवा प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू देऊ नये, विमानतळावर तो काढून घेतात. आणि कोणी स्कूबा करणार असेल तर त्यानंतर विमानापूर्वी पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

वाघोडिया रोड

मी शिक्षिका आहे. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडून गेल्या, त्यानंतर मी बोटीत पाय ठेवताना पहिल्यासारखी राहिलेले नाही. नॉर्थ बेला जाताना माझ्या सात वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचे लाइफ जॅकेट दिले. ते खांद्यांवरून वर निघत होते. लहान मापाचे मागितले तर ‘दहा मिनिटांचा तर प्रवास’ असे उत्तर मिळाले. आम्ही उतरलो आणि मापाचे जॅकेट मिळेपर्यंत थांबलो. एक बोट गेली, दुसरी मिळाली. दिवसाच्या आखणीत एवढी अर्धी-पाऊण घटिका शिल्लक असली पाहिजे. ती नसली की माणूस मान्य करून बसतो.

अलकापुरी

बोट लागते त्यांच्यासाठी : रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तुडुंब खाऊनही जाऊ नये. गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी, तीही डॉक्टरांना विचारून. मला आलेपाकाने बरे वाटले. यजमानांना कशानेच वाटले नाही.

सयाजीगंज

बाराटांग बेटाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतली खाडी सुंदर आहे, हे खरे. पण रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव वनातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर ठरलेल्या वेळी गाड्यांचा ताफा सुटतो, त्यासाठी पहाटे तीनला निघावे लागते. थांबायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही, असे नियम सांगितले जातात. आमच्या गाडीतले सहप्रवासी तरीही पूर्ण वेळ काचेला नाक लावून ‘दिसले का कोणी’ असे विचारीत होते. माणसे पाहायला निघाल्यासारखे ते वाटले आणि गुहेत माझे लक्ष लागले नाही. ७३ वर्षांच्या बाईंना हा प्रवास झेपणारही नाही.

मूळ लेखक

सर्वांचे आभार. काल रात्री घरात बैठक झाली. दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे ठरले, आणि सेल्युलर जेल शेवटच्या दिवशी सरकवले. मुलांचा हॅवलॉकचा हट्ट होता, पण परतीच्या बोटीचा विषय निघाल्यावर सासूबाईंनीच निकाल दिला. त्यांनी गोळ्यांच्या तीन दिवसांच्या तीन पुड्या आताच बांधून ठेवल्या आहेत आणि जुनी वीसची नोट देवघरातल्या डबीतून शोधून काढली आहे. रॉसला जाण्याचा दिवस बुधवार येत नाही ना, ते पाहून तिकिटे काढली, गुरुवार येतो. रावपुऱ्याच्या ताईंना एकच विचारायचे होते : थेपले सुती फडक्यात दुपारपर्यंत मऊ राहिले का?