मदत हवी आहे: त्वचारोग परिषदेच्या २६ वक्त्यांची ओळख, पदव्यांचा घोळ (वाशी, तातडीचं)

कोपरीकर (मंगळवार, रात्री ९:१०)
वाशीला या शनिवार-रविवारी त्वचारोग परिषद आहे. २६ वक्त्यांच्या ओळखी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बायोडेटा आलेत, कुणाचा चार ओळींचा तर कुणाचा साडेतीन पानांचा. पदव्यांचा नुसता चिवडा आहे: एमडी, डीव्हीडी, डीडीव्ही, डीएनबी, एफसीपीएस, एफआरसीपी आणि पुढे फेलोशिपांची रांग. काय ठेवायचं, काय काढायचं, क्रम काय? एक सरसकट नियम सांगा. परवा सकाळी मजकूर छपाईला जातोय. भाषांतराचं यंत्र वापरा असं सांगू नका, वापरून झालं. त्याने डीव्हीडीची 'चकती' केली.

प्रूफवाला (९:२४)
आधी हे सांगा: ओळख स्मरणिकेत छापायची आहे की मंचावरून वाचायची? कुठल्या भाषेत? प्रत्येकाला जागा किती? छापलेलं लोक चाळतात, तिथे पदव्या खपून जातात. वाचून दाखवताना मिनिटाला १२० शब्द धरा. ८० शब्दांची ओळख म्हणजे ४० सेकंद, २६ जणांची मिळून सतरा मिनिटं. एवढ्यात दोन भाषणं होतात.

पामबीच (९:३१)
एक्सेल करा, डोक्याला ताप नाही. रकाने: नाव (छापायचं तसं), नोंदणी क्रमांक आणि कौन्सिल, पदव्युत्तर पदवी-विद्यापीठ-वर्ष, सध्याचं पद, भाषणाचा विषय, कंपन्यांशी आर्थिक संबंध, फोटो आला का. माहिती गूगल फॉर्मवरून घ्या आणि परिचयाच्या रकान्याला ३०० अक्षरांची मर्यादा घाला. त्यापुढे फॉर्म घेतच नाही, मग डॉक्टर आपसूक काटछाट करतात.

कोपरीकर (९:३५)
फॉर्म पाठवायला आता वेळ नाही. बायोडेटा आलेत असं लिहिलंय वर. पदव्यांचं सांगा ना कुणीतरी.

कातडीबचाव (९:५२)
पदव्यांचं सांगतो, याच शाखेतला आहे. एमडी असेल तर एमबीबीएस गृहीत आहे, जागा कमी असल्यास गाळा. 'एमडी स्किन अँड व्हीडी' आणि 'एमडी डीव्हीएल' ही एकाच शाखेची जुनी-नवी नावं. मराठीत दोन्हींना 'एमडी (त्वचारोग)' पुरे. डीएनबी त्याच पायरीवर, फक्त ती विद्यापीठाची नसून नॅशनल बोर्डाची. डीव्हीडी (डिप्लोमा इन व्हेनेरिऑलॉजी अँड डर्मेटोलॉजी) ही विद्यापीठाची पदविका, तर डीडीव्ही आणि एफसीपीएस मुंबईच्या सीपीएसची (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स). ही १९१२ सालची संस्था आहे, विद्यापीठ नव्हे, तेव्हा तिच्यापुढे 'मुंबई विद्यापीठ' लिहू नका. एमडी असेल तर पदविका वगळली तरी चालते.

आता परदेशी अक्षरं. एमआरसीपी, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं सदस्यत्व, परीक्षा देऊन मिळते. एफआरसीपीला, म्हणजे तिथल्या फेलोशिपला, माणूस निवडला जातो, तो मान आहे, म्हणून 'एफआरसीपी उत्तीर्ण' लिहिलंत तर हसं होईल. कंसात एडिंबरा, ग्लासगो की लंडन ते मात्र ठेवा, ती वेगळी कॉलेजं आहेत. अमेरिकेच्या त्वचारोग अकादमीचे 'इंटरनॅशनल फेलो' म्हणजे सभासद, ती पदवी नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं नावामागे लावायचीच नाहीत.

जुना_ओपीडी (१०:०८)
पदविका वगळा हे मला मान्य नाही. डीव्हीडी करून मग एमडी झालेल्याची दोन्ही शिक्षणं खरी आहेत आणि पदविकेवर उत्तम काम करणारे त्वचारोगतज्ज्ञ ठाणे जिल्ह्यात ढिगाने आहेत. एकाची पदविका छापली आणि दुसऱ्याची गाळली, तर परिषदेच्या चहालाच तक्रार येईल. सगळ्यांची ठेवा नाहीतर सगळ्यांची गाळा.

आणि पदव्यांपेक्षा मोठी चूक वेगळीच होते. त्वचारोग परिषदेत सगळे वक्ते त्वचारोगतज्ज्ञ नसतात. बायोप्सीच्या काचा वाचणारे पॅथॉलॉजिस्ट असतात, सोरायसिससोबतच्या सांधेदुखीवर बोलणारे संधिवाततज्ज्ञ असतात, कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं सरळ करणारे सर्जन असतात. सरसकट 'त्वचारोगतज्ज्ञ' छापलं की पॅथॉलॉजीचा माणूस रागावतो आणि त्वचेचाही.

कातडीबचाव (१०:१५)
सर, 'एमडी असेल तर' असं लिहिलंय मी. पदविकेला कमी लेखलेलं नाही. काढायचाच असेल तर 'कॉस्मेटोलॉजिस्ट' शब्द काढायला सांगा. तो कुठल्याही मेडिकल कौन्सिलच्या विशेषज्ञांच्या यादीत नाही. पार्लरचा कोर्स केलेला आणि एमडी झालेला दोघेही तोच लावतात.

जुना_ओपीडी (१०:२१)
तिथे एकमत.

सानपाडा_सिंगल (१०:२९)
एवढे त्वचावाले एका धाग्यावर आहेत म्हणून विचारतो. जांघेत गजकर्ण आहे, तीन महिने झाले. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, लावली की जातं, बंद केली की दुप्पट येतं. नाव सांगा दुसऱ्या ट्यूबचं.

कातडीबचाव (१०:३४)
नाव सांगणार नाही. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. असेल तर तेच कारण, ही दोन्ही स्टेरॉइडं आहेत. स्टेरॉइड लालसरपणा आणि खाज दाबतं, बुरशी मात्र खाली पसरत राहते, आणि जांघेतली कातडी पातळ होऊन पांढरट चिरा पडतात त्या वेगळ्याच. डॉक्टरकडे जा, डागाच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही न्या, नाहीतर टॉवेलवरून परत तुमच्याकडेच येईल.

माईकटेस्टिंग (१०:४०)
धाग्यावर या. कोपरीकर, भाषेचं आणि मंचाचं उत्तर अजून दिलं नाहीत.

कोपरीकर (१०:४४)
दोन्ही आहे. स्मरणिका आणि मंच. मराठीत.

माईकटेस्टिंग (१०:४७)
मराठीत कसं? शास्त्रीय सत्रं इंग्रजीत चालतात, स्मरणिकाही इंग्रजीत निघते. २६ जणांची मराठी ओळख वाचणार कोण आणि ऐकणार कोण?

कोपरीकर (१०:५३)
अहो, रविवारी संध्याकाळी लोकांसाठी जनजागृती सत्र आहे ना. रुग्ण आणि नातेवाईक येणार. त्यातले पाच मराठीत बोलणार. उरलेले २१ इंग्रजी स्मरणिकेत, तेही माझ्याकडेच आहे. मला वाटलं मी लिहिलं होतं.

प्रूफवाला (१०:५६)
नव्हतं लिहिलं. म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. २१ जणांना कातडीबचावचा पदव्यांचा हिशोब लावा आणि मोकळ्या व्हा. वेळ द्या त्या पाचांना. समोर बसलेल्या बाईंना डीव्हीडी आणि डीएनबी सारखंच. त्यांना कळायला हवं की हा माणूस रोज काय काम करतो आणि आज कशावर बोलणार. पाचांचे विषय द्या, आणि नमुन्याला एक बायोडेटा टाका, नाव काढून.

कोपरीकर (११:०४)
कोड, सोरायसिस आणि सांधे, कुष्ठरोग, केसांचं रोपण, सनस्क्रीन. पहिला असा आहे: 'डॉ. … या ख्यातनाम त्वचारोगतज्ज्ञ, कॉस्मेटोलॉजिस्ट व लेझर सर्जन असून एमबीबीएस, एमडी, डीव्हीडी, एफआरसीपी (एडिंबरा) आहेत. अनेक राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय परिषदांत शोधनिबंध सादर केले असून त्यांना श्वेतकुष्ठावरील शस्त्रक्रियांचा प्रदीर्घ अनुभव आहे. सध्या वैद्यकीय महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापिका आहेत. संपर्क…' पुढे दवाखान्याचे दोन पत्ते आणि मोबाईल.

प्रूफवाला (११:१९)
मी असं करीन:

'डॉ. … नवी मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग शिकवतात. त्या त्वचारोगाच्या एमडी आहेत. कोडाचे डाग वर्षभर वाढले नसतील, तर निरोगी कातडीतल्या रंगपेशी डागावर बसवता येतात. ही शस्त्रक्रिया त्या करतात. औषध कुणाला पुरतं आणि शस्त्रक्रिया कुणाला लागते, हे त्या आज सांगतील.'

चाळीसच्या आत शब्द, वीस सेकंदांत वाचून होतं. 'ख्यातनाम' उडवलं, मंचावर बसलेला प्रत्येक जण ख्यातनामच असतो. 'श्वेतकुष्ठ' आधी उडवलं. त्या शब्दात कुष्ठ आहे, आणि तुमच्या त्याच सत्रात पुढे कुष्ठरोगाचं भाषण आहे. सभागृहातली निम्मी माणसं घरी जाताना दोन्ही एकच समजतील. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, रंगपेशी नाहीशा होतात म्हणून डाग पडतो. 'कोड' किंवा 'पांढरे डाग' लिहा.

आणि 'सहाय्यक प्राध्यापिका' मूळ इंग्रजीत पडताळा. असिस्टंट म्हणजे सहाय्यक, असोसिएट म्हणजे सहयोगी, मध्ये एक पूर्ण पायरी आहे. बाई सहयोगी असतील तर मंचावरच त्यांची पदावनती होईल. इमेरिटस असेल कुणी तर 'गुणश्री प्राध्यापक'.

कोपरीकर (११:२३)
बापरे. त्या असोसिएटच आहेत.

जुना_ओपीडी (११:३१)
पत्ते आणि मोबाईल जनजागृती सत्रात अजिबात नकोत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात बसत नाही, आणि रुग्णांच्या सभेत दवाखान्याचा नंबर वाचणं म्हणजे तेच. आधीचा-नंतरचा फोटोही नको. नावामागे मान्यताप्राप्त पदव्या किंवा खरी पात्रता दाखवणाऱ्या पदविका आणि मानच लावावेत हेही त्याच संहितेत आहे, त्यामुळे कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावरून कुणी अडून बसलं तर तिकडे बोट दाखवा.

पामबीच (११:३५)
परिषदेच्या हजेरीबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या श्रेयगुणांचं पाहिलं का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण लागतात, डॉक्टर त्यासाठीच नाव नोंदवतात. हजेरीची यादी आणि नोंदणी क्रमांक जुळले नाहीत तर सोमवारपासून फोन तुम्हालाच.

कोपरीकर (११:३७)
ते आयोजकांकडे आहे. मी ओळखीपुरती.

कातडीबचाव (११:४८)
बाकी चौघांचं. सांध्यांवर बोलणारे एमडी मेडिसीन आणि नंतर डीएम (एमडीच्या पुढची पदवी) झालेले असतील. त्यांना 'संधिवाततज्ज्ञ' लिहा. केसांचं रोपण करणारे एमसीएच (शस्त्रक्रियेतली तशीच पुढची पदवी) असतील तर 'प्लास्टिक सर्जन', एमडी त्वचारोग असतील तर तसं. 'हेअर ट्रान्सप्लांट सर्जन' नावाची पदवी नसते.

सनस्क्रीनवाले कोण आहेत? पीएचडी असतील तर 'डॉ.' ऐकून लोक त्यांना पुरळ दाखवायला जातील. 'रसायनशास्त्रज्ञ' हा शब्द पहिल्याच वाक्यात घाला. क्रीमच्या कंपनीत नोकरीला असतील तर तेही लिहा, लपवायचं काही नाही. काम सांगायला एक आकडा पुरतो: एसपीएफ (क्रीम ऊन किती अडवतं त्याचा आकडा) मोजताना दर चौरस सेंटीमीटर कातडीवर २ मिलिग्रॅम क्रीम लावतात, घरी आपण त्याहून बरंच कमी लावतो. लोक लगेच कान टवकारतात.

कोपरीकर (११:५५)
पीएचडीच आहेत आणि कंपनीतच आहेत. कुष्ठरोगाचे वक्ते डॉक्टर नाहीत, म्हणून मी त्यांना शेवटी ढकललं होतं. बायोडेट्यात फक्त 'अवैद्यकीय सहाय्यक, निवृत्त' आहे. याचं काय लिहू?

जुना_ओपीडी (बुधवार, ००:०६)
त्यांना पहिलं घ्या. पदनाम आहे तसंच छापा, ते सरकारी आहे, 'समाजसेवक' वगैरे करू नका. पुढे कामाचं एक वाक्य लिहा: 'घरोघर जाऊन कातडीवरचा फिकट, बधिर चट्टा शोधणं, बॉलपेनच्या टोकाने संवेदना तपासणं, कोपराची आणि घोट्याची नस जाड झाली आहे का हे बोटाने चाचपणं, आणि गोळ्यांचं पाकीट महिन्याच्या महिन्याला संपतंय का बघणं.' एवढं वाक्य पाच पदव्यांना भारी आहे. कमी संसर्गाच्या प्रकाराला सहा महिने, जास्त संसर्गाच्या प्रकाराला बारा महिने औषध द्यायची पद्धत त्यांच्या बोटांवर असेल. ते त्यांनाच सांगू दे, तुम्ही ओळखीत उरकू नका.

माईकटेस्टिंग (००:१३)
वाचणाऱ्याला कागद १६ च्या टायपात द्या, एका पानावर एकच ओळख, आणि नाव ओळखीच्या शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या पडतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही. आडनावाचा उच्चार वक्त्याला फोनवर विचारून कागदावर सुटा करून लिहा.

प्रूफवाला (००:२०)
शेवटचं, छपाईचं. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करताय, प्रेसवाला बहुतेक त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेईल. त्यात 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'ष्ठ' फुटतात, म्हणजे 'कोऱ्या', 'कुऱ्हाडे' आणि नेमका 'कुष्ठरोग'. बदललेल्या मजकुराची पीडीएफ मागवा आणि नावं मूळ बायोडेट्याशी अक्षर-अक्षर ताडून बघा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरला ३०० डीपीआयने किमान ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आला तर दाबला जातो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

कोपरीकर (००:३१)
२१ पैकी एकांचं अडलंय. 'एमडी, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९४'. तसंच ठेवू ना?

कातडीबचाव (००:३५)
नाही. ते विद्यापीठच १९९८ मध्ये झालं. वर्ष चुकलंय नाहीतर विद्यापीठ. बहुधा मुंबई विद्यापीठ असेल, पण अंदाजाने बदलू नका, त्यांनाच विचारा. कौन्सिलच्या नोंदणीतही बघता येतं. तिथे नुसती एमबीबीएस दिसली तर दचकू नका. पदव्युत्तर पदवीची नोंद वेगळी करावी लागते आणि ती बऱ्याच जणांची राहून जाते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाई तर माहेरच्या नावाखाली सापडतात.

कोपरीकर (बुधवार, सकाळी १०:१७)
विचारलं. मुंबई विद्यापीठच होतं. दुरुस्ती म्हणून त्यांनी नवा बायोडेटा पाठवलाय. पाच पानांचा.

सानपाडा_सिंगल (११:०२)
ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे. ते जनजागृती सत्र रविवारी किती वाजता?